आमच्या बोरिंगमधली लाल माती आणि समुद्रापलीकडची भट्टी

गेल्या मे महिन्यात आमच्या राजेंद्र नगरच्या घरी नवीन बोरिंग केलं. जुनं दोन वर्षांपासून आटत चाललं होतं, नर्मदेचा नळ येतो एक दिवसाआड, घरात आठ माणसं, मग करणार काय. संध्याकाळी सातला गाडी आली आणि कंप्रेसर सुरू झाल्यावर गल्लीत कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना, सगळीकडे राखाडी धूळ, आई ओट्यावर तोंडाला ओलं फडकं लावून बसलेली. आमच्याकडे आलेले ड्रिलिंगवाले प्रत्येक पाईप खाली गेला की वर आलेल्या चुऱ्याची एक मूठ बाजूला ठेवत होते, ओळीने, म्हणजे किती खोलीवर काय लागलं ते नंतर बघता येतं. माझा भाचा नववीत आहे, तो बॅटरी घेऊन त्या ढिगल्यांपाशी उकिडवा बसला होता. पहिल्या दोन-तीन पिवळट मुरमाच्या, मग काळ्या, काळ्या, काळ्या, मग दोन एकदम विटकरी लाल, मग परत काळ्या आणि त्यात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे. तो म्हणाला, "मामा, खाली कोणी विटा पुरल्यात का?"

प्रश्न इतका बरोबर होता की मला तिथेच बसून उत्तर द्यावंसं वाटलं, पण त्या आवाजात काही सांगता आलं नाही. मी कॉलेजात जिऑलॉजी शिकलो, नोकरी पुढे बँकेत केली, पण दगड काही सुटला नाही. म्हणून जे त्या रात्री राहिलं ते इथे नीट सांगतो, कारण इंदूरमध्ये ज्याच्या ज्याच्या घरी बोरिंग झालंय त्याने हा काळा आणि लाल चुरा पाहिलेला असतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी तो झाडून टाकलेला असतो.

काळा चुरा म्हणजे बेसाल्ट, म्हणजे गोठलेला लाव्हा. इंदूर, उज्जैन, देवास, महू, अख्खा माळवा आणि खाली जवळजवळ सगळा महाराष्ट्र एकावर एक थिजलेल्या लाव्हाच्या थरांवर उभा आहे, ज्याला दख्खनचे ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला, कारण हे डोंगर लांबून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन या दगडाने झाकलेली आहे, आणि झीज व्हायच्या आधी ती याहून पुष्कळ जास्त होती.

आणि लाल? एक लाव्हा आला, पसरला, थंड झाला. मग मध्ये बराच काळ काहीच झालं नाही. तेवढ्यात ऊन-पावसाने त्याचा वरचा भाग कुजला, त्याची माती झाली, दगडातलं लोखंड गंजून ती लाल झाली. मग त्यावर पुढचा लाव्हा आला, हजार-अकराशे डिग्री तापलेला, आणि त्याने ती माती जागच्या जागी भाजून काढली. माती, त्यात लोखंड, वरून आग. वीट भट्टीत हेच होतं. म्हणजे भाच्याने जे विचारलं ते फार चुकीचं नव्हतंच, फक्त वीट कोणी पुरली नव्हती. लाल थर म्हणजे दोन उद्रेकांच्या मधला सुट्टीचा काळ.

आता उद्रेक आणि मधली सुट्टी, परत उद्रेक आणि परत सुट्टी, हे प्रत्यक्षात कसं दिसत असेल ते बघायचं असेल तर तशी एक जागा आजही चालू आहे. आणि मला जे सांगायचंय ते हेच, की ती जागा नुसती आपल्यासारखी नाही, ती आपलीच आहे, म्हणजे ज्या चुलीवर माळव्याचा दगड शिजला त्याच चुलीवर ती आज उभी आहे. इंदूरपासून ५ हजार किलोमीटरहून जास्त लांब, हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला आणि मॉरिशसच्या शेजारी रियुनियन नावाचं बेट आहे. फ्रान्सच्या ताब्यातलं. त्या बेटावर पितों द ला फुर्नेझ नावाचा ज्वालामुखी आहे, उंची २,६३२ मीटर. नावाचा अर्थ भट्टीचं शिखर.

एकच चूल, मग एवढं अंतर कसं? घरी गॅसवर पापड भाजताना काय करतो आपण. ज्योत जागेवर असते, पापड आपण सरकवतो, आणि जिथे जिथे ज्योत लागली तिथे तपकिरी डाग पडत जातात. ज्योत म्हणजे हॉटस्पॉट, पृथ्वीच्या खूप आतून वर येणारा गरम खडकाचा खांब. पापड म्हणजे भूखंड ज्या प्लेटवर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यावर, बसलेला आहे ती प्लेट. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि त्या ज्योतीवरून जात होता. तेव्हा इथे लाव्हा आला. मग भारत उत्तरेला सरकत राहिला, त्या काळात तर वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे प्लेटच्या हिशोबाने धावतच म्हणायचं, आणि मागे डागांची रांग राहिली. लक्षद्वीप, मालदीव, मग चागोस. ही सगळी बेटं वरून प्रवाळाची दिसतात पण प्रवाळाच्या खाली बुडालेले जुने ज्वालामुखी आहेत. १९८७ मध्ये संशोधन जहाजातून समुद्राच्या तळात ड्रिलिंग करून तिथले बेसाल्ट वर काढले, आणि वयं अगदी रांगेत निघाली, जसजसं दक्षिणेला जाल तसतसा दगड तरुण. म्हणजे तेही एक प्रकारचं बोरिंगच, फक्त वर समुद्र.

पुढे एक गोष्ट घडली जी पापडाच्या उदाहरणात पटकन बसते. भारताची प्लेट आणि आफ्रिकेची प्लेट यांच्या मधली समुद्रातली शिवणच या ज्योतीवरून सरकली, आणि ज्योत पलीकडच्या पापडाखाली गेली. त्यामुळे त्यानंतरचे डाग आफ्रिकेच्या बाजूच्या प्लेटवर आहेत. मॉरिशस सुमारे ८०-९० लाख वर्षांचं. रियुनियन समुद्राच्या वर आलं त्याला २० लाख वर्षांच्या आसपास झाली. आणि फुर्नेझ तर फक्त सुमारे ५ लाख ३० हजार वर्षांचा, म्हणजे आमच्या बोरिंगच्या चुऱ्यापुढे तान्हं बाळ.

हे सगळ्यांना शंभर टक्के मान्य आहे असं नाही. काही भूशास्त्रज्ञ म्हणतात की दख्खनचा लाव्हा एका खोल खांबामुळे नाही तर भूखंड ताणला गेला म्हणून वर आला. पण ही बेटांची वयाप्रमाणे लागलेली रांग बघितली की मला तरी चुलीचं म्हणणंच पटतं, आणि बहुतेक भूशास्त्रज्ञही तिकडेच आहेत.

खालचा खडक वितळतो कसा हे मला कॉलेजात दोन वर्षं कळलं नव्हतं, कारण आपल्याला वाटतं की वितळायचं म्हणजे जास्त आच लावायची. इथे उलट आहे. खालचा खडक आधीच भयंकर गरम असतो पण वरच्या वजनाच्या दाबामुळे घट्ट राहतो. प्रेशर कुकरमध्ये पाणी १२० डिग्रीला असतं तरी ते बाहेरच्यासारखं खळखळत नाही, कारण दाब असतो, आणि तो दाब एकदम गेला तर सगळं पाणी क्षणात उसळतं. तसाच तो गरम खडक हळूहळू वर यायला लागला की त्याच्यावरचा दाब कमी होत जातो आणि आच न वाढवता त्याचा थोडा भाग वितळतो. तो वितळलेला भाग म्हणजे मॅग्मा. आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका, म्हणून तो वर सरकतो. फुर्नेझमध्ये तो शिखराच्या खाली दोन-अडीच किलोमीटरवर, म्हणजे जवळपास समुद्रसपाटीच्या पातळीला साठतो, आणि तिथून भेगा फोडत बाहेर येतो.

तो कसा बाहेर येईल हे ठरतं घट्टपणावर. जलेबीच्या दुकानात उभं राहून बघा, गरम चाशनी पळीतून पाण्यासारखी पडते आणि तीच थंड झाली, आटली की तार धरते. बेसाल्टचा लाव्हा गरम आणि पातळ, सुमारे ११५० डिग्रीचा, त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते द्रव्य, कमी, म्हणून त्यातला गॅस सहज सुटतो, कारंजी उडतात, नदीसारखा वाहतो, पण डोंगर फुटून उडत नाही. जिथे मॅग्मा सिलिकावाला आणि चिकट असतो तिथे गॅस अडकतो आणि मग स्फोट होतात. आपल्या देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी, अंदमानातला बॅरन आयलंड, वेगळ्या घराण्यातला आहे. तिथे एक प्लेट दुसरीच्या खाली जाते, चुलीचा काही संबंध नाही.

वाहणारा लाव्हा दोन तऱ्हेने गोठतो आणि दोन्ही नावं हवाईच्या लोकांनी दिलेली आहेत. पाहोएहोए म्हणजे गुळगुळीत, वर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडलेला. आ म्हणजे खडबडीत, तुटक्या धारदार ढेकळांचा, त्यावरून चालताना बूट फाटतात. वरची साय गोठते आणि आत लाव्हा वाहत राहतो, मग तो निघून गेला की मागे बोगदा उरतो. रियुनियनमध्ये २००४ च्या लाव्हातले असे बोगदे आहेत, त्यात गाईडबरोबर, हेल्मेट घालून लोक आत जातात.

फुर्नेझचा आकार डोळ्यासमोर यावा म्हणून सांगतो. एक मोठा घोड्याच्या नालेसारखा खड्डा, सुमारे ८ किलोमीटर रुंद, तीन बाजूंनी उभे कडे आणि पूर्वेची बाजू समुद्राकडे उघडी. याला आंक्लो फूके म्हणतात, आणि हा सुमारे साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वी जमीन खचून झाला. त्याच्या मधोमध मुख्य शंकू, त्याच्या माथ्यावर दोन तोंडं, एक बोरी आणि एक दोलोमिउ. बोरी द सां-व्हँसां नावाचा फ्रेंच निसर्ग अभ्यासक १८०१ मध्ये वर चढला होता, त्याने एका तोंडाला दोलोमिउ या भूशास्त्रज्ञाचं नाव दिलं, दुसऱ्याला नंतर त्याचंच नाव पडलं. खड्ड्यात उतरल्यावर वाटेत एक छोटीशी लालसर टेकडी लागते, फोर्मिका लेओ, ती १७५३ च्या उद्रेकातली. समुद्राकडच्या उताराला म्हणतात ग्रां ब्र्युले, म्हणजे मोठा जळका भाग. नाव वाचूनच कळतं की लाव्हा कुठून खाली येतो.

सतराव्या शतकापासून इथले १५० हून जास्त उद्रेक नोंदलेले आहेत आणि गेल्या काही दशकांची सरासरी काढली तर साधारण ९ महिन्यांत एक. पण सरासरीवर जाऊ नका, कधी वर्षात तीन-चार होतात आणि १९९२ ते १९९८ मध्ये साडेपाच वर्षं एकही नाही. मग १९९८ च्या मार्चमध्ये सुरू झाला तो सप्टेंबरपर्यंत चालला, १९६ दिवस. २०२३ च्या जुलैत सुरू झालेला महिनाभराहून जास्त चालला. यातले बहुतेक सगळे त्या नालेच्या आतच होतात, जिथे वस्ती नाही, म्हणून लोक कड्यावर उभं राहून, डबा खात खात बघतात. त्यांच्यासाठी तो नुसता "ज्वालामुखी", नावाने कोणी म्हणत नाही, जसं आपण नुसतं "राजवाडा" म्हणतो.

बाहेर पडला की मात्र गोष्ट वेगळी. एप्रिल १९७७ मध्ये नालेच्या बाहेर, उत्तर-पूर्वेच्या बाजूला भेगा पडल्या आणि लाव्हा पितों सेंत-रोझ नावाच्या गावात घुसला. दोनेक हजार लोकांना आधीच हलवलेलं होतं म्हणून कोणी गेलं नाही, पण घरं गेली, पोलीस चौकी गेली. गावातल्या चर्चपाशी लाव्हा आला, दोन्ही बाजूंनी भिंतीला चिकटून पुढे गेला आणि समोरचा दाराशी येऊन थिजला. आजही ते चर्च तसंच आहे, भिंतीला टेकलेला काळा दगड तसाच ठेवलाय, आणि त्याचं नाव पडलंय लाव्हाची माऊली. श्रद्धा असणाऱ्याने श्रद्धेने बघावं, पण दगडाच्या बाजूने बघितलं तरी ते समजण्यासारखं आहे. लाव्हाच्या पुढच्या कडेला थंड होऊन कवच तयार होतं, मागून येणारा पुरवठा कमी झाला की ते कवच फोडायला जोर उरत नाही, आणि जिथे असेल तिथे तो थांबतो.

या धक्क्यानंतरच तिथे वेधशाळा आली, १९७९ मध्ये, पॅरिसच्या भूभौतिक संस्थेची. तेव्हापासून डोंगरावर भूकंपमापक, जीपीएस, जमीन किती कलली ते मोजणारी यंत्रं, गॅस मोजणारी यंत्रं असं सगळं लावलेलं आहे. मॅग्मा भरायला लागला की डोंगर काही सेंटिमीटर फुगतो, जीपीएसच्या खुणा एकमेकींपासून लांब जातात, छोटे छोटे भूकंप वाढतात. मग एक वेळ येते की मॅग्मा वर यायला निघतो, शेकडो बारीक भूकंप एकामागोमाग एक, आणि त्यानंतर कधी अर्ध्या तासात तर कधी काही तासांत भेग उघडते. एवढ्या वेळात नालेचं फाटक बंद करतात, आत गेलेल्यांना बाहेर काढतात. कधी कधी भूकंप होतात, मॅग्मा सरकतो, आणि वर काहीच येत नाही, आतच थिजतो. आत उभ्या भेगेत थिजलेल्या अशा लाव्हाला डाईक म्हणतात, आणि नर्मदेच्या खोऱ्यात असे जुने डाईक खूप आहेत. माळव्यात जानापावच्या डोंगराला बरेच लोक ज्वालामुखीचं तोंड म्हणतात, पण दख्खनचा लाव्हा मुख्यतः एखाद्या शिखरातून नाही तर अशा लांबच लांब भेगांमधून आला.

आता २००७. हा उद्रेक सविस्तर सांगितल्याशिवाय फुर्नेझ कळत नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत गामेद नावाचं चक्रीवादळ आलं आणि फुर्नेझच्याच अंगावर कोमर्सों नावाचं एक जुनं तोंड आहे तिथे ३ दिवसांत ३,९२९ मिलीमीटर पाऊस पडला, जगातला विक्रम. इंदूरला वर्षाला हजारच्या आसपास पडतो. म्हणजे आपल्या साधारण चार पावसाळ्यांचं पाणी तीन दिवसांत. तो संपला आणि मार्चच्या शेवटी एक छोटा उद्रेक झाला, काही तासांत थांबला. लोकांना वाटलं झालं. २ एप्रिलला भेग उघडली ती शिखराजवळ नाही तर सुमारे ७ किलोमीटर खाली, ग्रां ब्र्युलेच्या उतारावर, जेमतेम ६०० मीटर उंचीवर. कारंजी दोनशे मीटरपर्यंत उडाली. लाव्हा किनाऱ्याचा मोठा रस्ता कापून समुद्रात गेला, पाण्याची वाफ आणि आम्लाचे ढग उठले, बाजूच्या ल त्रांब्ले गावातल्या लोकांना हलवावं लागलं, आणि समुद्राच्या खोल भागातले मासे मरून वर तरंगायला लागले, त्यात काही तर शास्त्रज्ञांनी आधी कधी पाहिलेले नव्हते.

आणि मग शिखर खचलं. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माळव्यात जुन्या घरांत गव्हाच्या कोठ्या असायच्या, खाली छोटं तोंड. वरून बघितलं तर गहू सपाट असतो, खालचं तोंड उघडलं की थोडा वेळ वर काहीच दिसत नाही, मग एकदम मधोमध खळगा पडतो आणि गहू धपकन खाली बसतो. फुर्नेझमध्ये नेमकं हेच झालं. शिखराखालच्या साठ्यातला मॅग्मा ७ किलोमीटर लांबच्या, खूप खालच्या तोंडातून इतक्या वेगाने निघून गेला की वरच्या डोंगराला आधारच राहिला नाही. ५ एप्रिलच्या रात्री दोलोमिउचा तळ बसायला सुरुवात झाली, एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला भूकंप आणि प्रत्येक टप्प्याला खालून लाव्हाचा जोर वाढलेला, कारण वरचा दगड दट्ट्यासारखा साठ्यावर बसत होता. काही दिवसांत जिथे आधी चालत जाता यायचं तिथे ३०० मीटरहून खोल खड्डा झाला. तीन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी त्या वेळी आत बुडाले असते. १ मेला उद्रेक थांबला. २० कोटी घनमीटरच्या आसपास लाव्हा बाहेर आलेला होता, काही ठिकाणी त्याची जाडी ६० मीटर. फुर्नेझचा शतकभरातला सगळ्यात मोठा म्हणतात तो हा, आणि जीव एकही गेला नाही.

रस्ता परत बांधला. लाव्हा आतून इतका गरम होता की पुढे कित्येक महिने पाऊस पडला की तिथून वाफ निघायची. आज त्या रस्त्याने गेलात तर ठिकठिकाणी काळे पट्टे दिसतात आणि प्रत्येक पट्ट्यापाशी पाटी, नुसतं साल लिहिलेलं. जुन्या पट्ट्यावर झाडं, त्याहून नव्यावर नेचे, आणि अगदी नव्यावर चंदेरी राखाडी दगडफूल. म्हणजे लाव्हाची माती कशी होते ते एका रस्त्यावर क्रमाने मांडून ठेवलंय.

माळव्याची काळी माती याच वाटेने झालेली आहे. "मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर" असं आपल्याकडे म्हणतात ते या बेसाल्टच्या जिवावर. दगडातलं लोखंड, कॅल्शियम, मॅग्नेशियम मातीत उतरलं, दगडाची चिकणमाती झाली जी पाणी पिऊन फुगते आणि मेमध्ये सुकून भेगाळते. या भेगांचे आकार कधी नीट बघा, पाच-सहा कोनांचे असतात. लाव्हाचा जाड थर थंड होताना आकसतो तेव्हाही तसेच आकार पडतात, फक्त ते खोलवर जातात आणि दगडाचे खांब तयार होतात. देवास जिल्ह्यात बागलीकडे कवड्या पहाड आहे, तिथे असे खांबच खांब आहेत, दुसऱ्या दगडाने ठोकलं तर धातूसारखे वाजतात.

पण एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, नाहीतर कोणी म्हणेल की माळवा म्हणजे मोठा फुर्नेझ. २००७ चा लाव्हा ०.२ घन किलोमीटर. दख्खनचा सगळा लाव्हा काही लाख घन किलोमीटर, नुसता ५ लाख धरला तरी २००७ सारखे २५ लाख उद्रेक लागतील. आणि त्यातला बराचसा १० लाख वर्षांच्या आत आला. चूल एकच, मग एवढा फरक का? सुट्टीनंतर नळाला पाणी येतं तेव्हा पहिला लोट केवढ्या जोरात येतो, हवा, गढूळ पाणी, बादली उलटी होते, आणि मग धार बारीक होऊन तशीच चालू राहते. हॉटस्पॉटचं तसंच मानतात. गरम खडकाचा खांब पहिल्यांदा वर येतो तेव्हा त्याचं डोकं मोठं असतं, ते भारताच्या खाली येऊन पसरलं. त्यानंतर उरली ती बारीक धार, आणि फुर्नेझ आज त्या धारेवर चालतो.

त्या पहिल्या लोटाच्या वेळी इथे डायनासोर होते. धार जिल्ह्यात त्यांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच भागातल्या एका गावात लोक शेतात सापडणारे गोल दगड काकड भैरव म्हणून पुजत होते, ते अंडी निघाले. अंडी ज्या थरात आहेत तो लाव्हाच्या खालचा. डायनासोर उल्केमुळे गेले की दख्खनच्या गॅसमुळे की दोन्हीमुळे, हा वाद अजून चालू आहे, आणि तो सोडवायचा तर लाव्हाचे थर नेमके कधी कधी आले ते वर्षांत सांगता यायला हवं.

इथे परत आमची लाल ढिगली येते. काळ्या बेसाल्टमध्ये वय मोजायला सोयीचे कण फार मिळत नाहीत. पण दोन उद्रेकांच्या मधल्या सुट्टीत लांबच्या एखाद्या स्फोटाची राख उडून येते, मातीत बसते, आणि तिच्यात झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात ज्यांच्यात युरेनियम असतं. युरेनियमचं शिसं होत जातं, ठरलेल्या वेगाने. म्हणजे युरेनियम किती उरलं आणि शिसं किती झालं हे मोजलं की वय निघतं. २०१५ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या अशाच मधल्या लाल थरांतून झिरकॉन काढून दख्खनच्या उद्रेकांचं वेळापत्रक बसवलं. काळ्या दगडाचं वय लाल मातीने सांगितलं.

ड्रिलिंगवाल्यांना मात्र लाल आवडत नाही, कारण ती कच्ची असते, ढासळते, भोक बुजतं, केसिंग टाकावं लागतं. आमच्याकडे १८० फुटांच्या आसपास ती लागली तेव्हा त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "अब नीचे पोला पत्थर आएगा", आणि तसंच झालं. कारण लालच्या खाली असतो जुन्या लाव्हाचा वरचा भाग, गॅसच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. त्यातल्या काही बुडबुड्यांत नंतर पाण्याने खनिजं आणून भरली, ते साबुदाण्यासारखे दाणे ते हे, आणि जिथे भेगा आणि पोकळी मोकळी राहिली तिथे पाणी. आमचं पाणी तिथेच लागलं.

भाच्याने नंतर मला विचारलं की आपल्या खाली अजून काही आहे का, म्हणजे परत येईल का. नाही. ज्योत मागे राहिली, माळव्याच्या खालचा दगड कधीच थंड झाला, लाव्हाचे थर इथे काही शे मीटर आणि मग त्याच्या खाली त्याहून खूप जुने खडक. त्याला ते ऐकून थोडं वाईट वाटलं असं मला दिसलं.

पावसाळा संपल्यावर आम्ही पातालपाणीला गेलो. धबधबा बारीक झाला होता त्यामुळे कडा मोकळा दिसत होता, आडवे थर, एकावर एक. तो रेलिंगला धरून बराच वेळ बघत होता. मग त्याने बोट दाखवलं, कड्याच्या मध्यावर झुडपांची एक सरळ आडवी रांग होती, वर उघडा काळा दगड, खाली उघडा काळा दगड, आणि हिरवं फक्त त्या रेघेवर. "मामा, तिथे ओल धरली आहे," तो म्हणाला. "तिथे लाल असणार."